मुलांमधील मंत्रचळ आणि शिक्षक

शाळेच्या आरोग्य-तपासणीत मुलाचे वजन घेतले जाते, उंची मोजली जाते, डोळे, दात, कान आणि त्वचा पाहिली जाते. खरूज, रक्तक्षय, जंत, रातांधळेपणा हे विकार शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचे आहेत आणि त्यांवर काय करावे हेही बहुतेकांस ठाऊक आहे. मनाच्या विकारांचे तसे नाही. अंगात ताप नाही, जेवण जाते, मैदानावर पळताही येते, आणि तरीही मूल आतल्या आत खंगत असते, ही अवस्था तपासणीच्या तक्त्यात सहसा उमटत नाही. अशा विकारांपैकी एकाची लक्षणे येथे सांगावयाची आहेत. कारण तो पुष्कळदा प्राथमिक शाळेच्या वयातच डोके वर काढतो, आणि तो आजार म्हणून न दिसता स्वभाव म्हणून दिसतो. कधी तो आळस वाटतो, कधी हट्ट वाटतो, आणि कधी तर चक्क सद्गुण वाटतो.

मराठीत या विकारास जुना शब्द आहे : मंत्रचळ. मंत्र जपताना उच्चारात किंवा विधीत चूक झाली म्हणजे जपणाऱ्याच्या डोक्यावर परिणाम होतो, अशा समजुतीतून हा शब्द आला. पुढे त्याचा अर्थ रुंदावला. दहा वेळा हात धुणाऱ्यास, लावलेले कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहणाऱ्यास ‘मंत्रचळ लागला’ असे लोक म्हणू लागले. बंगाली भाषेत याच जातीच्या शुद्धतेच्या वेडास ‘शुचिबाई’ म्हणतात. मंत्र चुकल्याने कोणी वेडा होत नाही, हे खरे. परंतु ‘मंत्र चुकला तर नसेल?’ ही न मिटणारी शंका हेच या विकाराचे मर्म आहे, आणि ते जुन्या लोकांनी अचूक टिपले होते असे म्हणावे लागते. वैद्यकशास्त्रात त्याचे नाव ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर, संक्षेपाने ओ.सी.डी. असे आहे. शंभर माणसांमागे सुमारे एक ते तिघांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विकार होतो, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून दिसते. त्याचा आरंभ साधारणतः दोन वयांत अधिक आढळतो. एक दहा वर्षांच्या आसपास आणि दुसरा विशीच्या सुमारास. पहिले वय चौथी-पाचवीचे आहे, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. लहान वयात मुलींपेक्षा मुलांमध्ये तो काहीसा अधिक दिसतो.

विकाराचे दोन भाग असतात. पहिला भाग विचाराचा. मनात नको असलेली एखादी कल्पना, शंका, चित्र किंवा ऊर्मी बळेच शिरते. ती हाकलली तरी परत येते आणि येताना मोठे भय किंवा किळस घेऊन येते. दुसरा भाग कृतीचा. त्या भयातून सुटण्यासाठी मूल काही तरी करते : धुते, पुसते, मोजते, तपासते, पुन्हा लिहिते, पुन्हा विचारते, मनातल्या मनात ठरावीक शब्द म्हणते. ही कृती त्याला आवडते म्हणून तो करीत नाही. केली नाही तर काही तरी अनर्थ होईल, आई मरेल, देव कोपेल, किंवा नुसतेच ‘बरोबर वाटत नाही’, म्हणून तो करतो. मोठ्या माणसाला बहुधा कळत असते की हे सारे निरर्थक आहे. लहान मुलाला ते नेहमीच कळते असे नाही, आणि कळले तरी शब्दांत सांगता येत नाही.

आता हे शाळेत कसे दिसते ते पाहू. मुळशी तालुक्यात, विशेषतः पौडच्या पश्चिमेस ताम्हिणीच्या अंगाला, पावसाळ्याचे चार महिने अखंड ओल असते. भातखाचरांच्या बांधांवरून येणारी मुले गुडघ्यापर्यंत चिखलाने भरूनच वर्गात शिरतात. दुपारच्या आहारापूर्वी नळकोंडाळ्यावर हात धुण्याची शिस्त शाळा लावते. १५ ऑक्टोबरचा जागतिक हात धुण्याचा दिवसही अनेक शाळांत पाळला जातो. आणि २०२० च्या करोना-साथीने तर ही शिकवण घरोघर पोहोचवली. ही शिकवण योग्यच आहे. तिच्यामुळे मंत्रचळ होतो असे कोणी समजू नये. परंतु ज्या मुलाच्या ठिकाणी विकाराचे बीज आहे, त्याचे भय हीच शिकवण उचलते. सगळी मुले हात धुऊन पंगतीला बसतात आणि एक मुलगा अजून नळापाशीच असतो. त्याने प्रत्येक बोट वेगळे चोळले आहे, मनगटापर्यंत धुतले आहे, आणि शेवटी नळाच्या चावीला हात लागला म्हणून तो पुन्हा आरंभापासून धुतो. त्याच्या हातांची कातडी तडकलेली, लाल, पांढरट पापुद्रे सुटलेली असते. गुरुजी त्याला वर्गापुढे उभा करून ‘स्वच्छता असावी तर अशी’ म्हणून शाबासकी देतात. त्या शाबासकीने मुलगा आणखी एक पायरी खाली उतरतो.

दुसरे उदाहरण वहीचे. मुलगी हुशार आहे. तोंडी प्रश्नांची उत्तरे चटकन देते. पण शुद्धलेखनाच्या चार ओळी तिला पाऊण तास पुरत नाहीत. एक अक्षर लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते, काना जरा वाकडा वाटला की पुन्हा खोडते. रबराने कागद फाटतो. फाटला की पान बदलते. पान बदलले की मागची सगळी ओळ पुन्हा. परीक्षेत तिचा पेपर अर्धा कोरा राहतो. प्रगतिपुस्तकात ‘लेखनात मंद’ असा शेरा जातो. तिची मंदता बुद्धीची नव्हे, शंकेची आहे. वाचनातही हेच होते. ओळ संपली की ‘एखादा शब्द सुटला असेल’ म्हणून डोळे ओळीच्या आरंभी परत जातात, आणि धड्याच्या दुसऱ्या परिच्छेदापलीकडे ती पोचत नाही.

आणखी काही रूपे थोडक्यात सांगता येतील. दप्तराची चेन लावली की नाही हे पुन्हा पुन्हा पाहणे. उंबरा उजव्या पायानेच ओलांडणे आणि चुकल्यास माघारी जाऊन पुन्हा ओलांडणे. खडू, पेन्सिली, चपला एका रेषेत लावल्याशिवाय न उठणे. ठरावीक आकड्यापर्यंत मोजल्याशिवाय उत्तर न देणे. काही मुले विधी करीत नाहीत, विचारतात. ‘बाई, बरोबर आहे ना?’ ‘बाई, मी त्याला ढकलले नाही ना?’ ‘बाई, आई घरी असेल ना?’ उत्तर मिळाले की पाच मिनिटे शांतता, आणि पुन्हा तोच प्रश्न. ही विचारणा म्हणजेही एक कृतीच आहे, फक्त ती हाताऐवजी तोंडाने केलेली आहे, हे लक्षात आले म्हणजे शिक्षकांचा पुष्कळ गोंधळ दूर होतो.

सर्वांत अवघड रूप डोळ्यांना दिसतच नाही. मुलाच्या मनात देवाबद्दल शिवी उमटते. धाकट्या भावाला विळ्याने मारल्याचे चित्र येते. विहिरीजवळ गेल्यावर बहिणीला आत लोटू की काय अशी ऊर्मी भासते. असे मूल विळ्याला हात लावीत नाही, विहिरीकडे जात नाही, भावाजवळ झोपत नाही, आणि आपण राक्षस आहोत असे मानून कोणाला काही सांगत नाही. एखाद्या दिवशी त्याने बाईंपाशी हे कबूल केलेच, तर बाईंनी घाबरू नये. ज्या विचाराने मुलाला धडकी भरते तो विचार त्याची इच्छा नसते; तो त्याच्या इच्छेच्या नेमका उलट असतो. खरोखर दुष्टावा करणारास त्या विचाराने घाम फुटत नाही. भावावर त्याचे अतिशय प्रेम आहे म्हणूनच त्या भयाने भावाला निवडले आहे, हे मुलाला सांगितले तर पुष्कळदा त्याच्या डोळ्यांत पाणी येते.

असले विचार मुळात येतात तरी का? याचे उत्तर असे की ते सर्वांनाच येतात. १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्वा या दोन मानसशास्त्रज्ञांनी निरोगी माणसांना त्यांच्या मनात येणाऱ्या नकोशा विचारांबद्दल विचारले. कड्यावरून उडी मारावी, कोणाला इजा करावी, भर सभेत काही अभद्र बोलावे, असे विचार बहुसंख्य निरोगी माणसांनाही येतात आणि त्यांचा आशय रुग्णांच्या विचारांसारखाच असतो, असे दिसून आले. निरोगी माणूस ‘काय हा वेडा विचार’ म्हणून पुढे जातो. रुग्ण मात्र थांबतो, त्या विचाराची जबाबदारी अंगावर घेतो आणि तो घालवू पाहतो. घालवू पाहिल्याने तो घट्ट बसतो. औषध घेताना माकडाची आठवण काढू नका असे सांगणाऱ्या वैद्याची गोष्ट सर्वांस माहीत आहे. त्या रोग्याला जन्मात कधी न आठवलेले माकड नेमके औषधाच्या घोटाबरोबर आठवू लागले.

कृतीचे कार्य याहूनही समजण्याजोगे आहे. खरजेची खाज सुटली की मूल खाजवते. क्षणभर बरे वाटते. पण त्या खाजवण्यानेच कातडी सोलते आणि खाज वाढते. हात धुतल्याने मुलाचे भय क्षणात उतरते. तेवढ्याने मन एक खोटा धडा शिकते : धुतले म्हणून वाचलो. न धुताही काही झाले नसते, हे कळण्याची संधीच त्याला मिळत नाही. पुढच्या वेळी भय अधिक लवकर येते, आणि एकदा धुऊन भागत असे तेथे तीनदा धुवावे लागते. विकाराचा सारा विस्तार या एका चक्रातून होतो, आणि पुढे सांगितलेला उपचारही या चक्राच्याच एका सांध्यावर घाव घालतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक सवय म्हणजे मंत्रचळ नव्हे. लहान मुले फरशीच्या रेघेवर पाय न देता चालतात, झोपताना तीच गोष्ट त्याच शब्दांत ऐकू इच्छितात, खेळातले नियम काटेकोर पाळतात. हे वाढीचे लक्षण आहे आणि ते मुलाला सुख देते. स्वमग्न मूल चाक फिरवीत बसते तेव्हा तेही बहुधा त्यात रमलेले असते. मंत्रचळात रमणे नसते. नीटनेटके अक्षर काढणारे मूल पान पूर्ण झाले की समाधानाने वही मिटते. मंत्रचळाने ग्रासलेल्या मुलाला वही मिटवतच नाही. शिक्षकांनी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. यात मुलाचा रोज किती वेळ जातो? तास-तास जात असेल तर गोष्ट गंभीर आहे. मध्ये अडवले तर मूल चिडते की भयभीत होते? आणि यापायी त्याचा अभ्यास, जेवण, खेळ किंवा मैत्री यांपैकी काही अडते आहे काय?

धार्मिक आचाराशी होणारी गल्लत हा तर आपल्याकडचा खास प्रश्न आहे. माळकऱ्याच्या घरी जप होतो, एकादशी होते, देवपूजेपूर्वी स्नान होते. जप संपला की जपणाऱ्याचे मन निवते. मंत्रचळात जप संपतच नाही. एकशे आठांतला एखादा मणी चुकला असेल म्हणून माळ पहिल्यापासून, आणि पुन्हा पहिल्यापासून. घरातील वडील माणसे ‘पोर फार देवभोळे आहे’ म्हणून कौतुक करतात आणि वर्ष निघून जाते. भक्तीने माणूस मोकळा होतो की आवळला जातो, एवढे पाहिले तरी फरक कळण्यास पुरेसा होतो.

याची दुसरी बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे. एखादे मूल पंगतीत विशिष्ट मुलाशेजारी बसण्यास नकार देत असेल, विशिष्ट घरच्या मुलाने भरलेले पाणी पीत नसेल, तर त्यास मनोविकार म्हणून झाकू नये. ती घरातून आलेली अस्पृश्यता आहे. घटनेच्या १७ व्या कलमाने ती नष्ट केली आहे आणि शाळेत तिला जागा नाही. मंत्रचळाचे भय जात पाहत नाही. त्या मुलाला स्वतःच्या आईने वाढलेली भाकरीही चालेनाशी होते, स्वतःचा हातसुद्धा परका वाटतो.

भारतातील रुग्णांची पाहणी चंडीगड येथे अख्तर, विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली होती; ती १९७५ साली प्रसिद्ध झाली. ८२ रुग्णांच्या त्या अभ्यासात विचारांचे सर्वाधिक आढळणारे रूप शंकेचे होते, आणि विषय बहुतकरून घाण व विटाळ यांचा होता. परदेशांतील रुग्णांचे भयही याच विषयांभोवती फिरते. समाज भयाला शब्द पुरवतो. मुळशीतील मूल विटाळाचे नाव घेते आणि लंडनमधील मूल जंतूंचे. विकार एकच. म्हणूनच तो केवळ जुन्या चालीरीतींचा परिणाम आहे, किंवा उलट शहरी सुखवस्तू लोकांचे खूळ आहे, ही दोन्ही मते टाकून द्यावीत. पिरंगुटच्या कारखान्यांत कामाला आलेल्या परप्रांतीय कुटुंबातील मुलास आणि डोंगरातील वाडीवरील मुलास तो सारखाच होऊ शकतो.

कारणांविषयी एवढे सांगता येते की यात आनुवंशिकतेचा भाग आहे. जवळच्या नात्यात हा विकार असल्यास मुलाला तो होण्याचा संभव वाढतो. मेंदूच्या पुढच्या भागातून आतील केंद्रांकडे जाऊन परत येणारी एक मज्जासाखळी आहे. ‘काही तरी चुकले’ हा इशारा देणे आणि काम झाल्यावर तो थांबवणे यांच्याशी तिचा संबंध असून या विकारात तो इशारा थांबत नाही असे मानले जाते. १९९२ साली बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, औषधाने सुधारलेल्या आणि केवळ वर्तनोपचाराने सुधारलेल्या अशा दोन्ही रुग्णांच्या मेंदूतील एका केंद्रात सारखाच बदल दिसून आला. शिक्षकांच्या दृष्टीने याचा अर्थ मोलाचा आहे. सवय बदलणे म्हणजे नुसती मनाची समजूत नव्हे. त्याने मेंदूचे कार्य बदलते. आईबापांनी लाड केले किंवा धाक दाखवला म्हणून हा विकार झाला, असे पालकांना कदापि सांगू नये. ते खरे नाही, आणि त्यानंतर ते शाळेची पायरी चढणार नाहीत. काही मुलांत मानेस हिसडे, डोळे मिचकावणे असे झटके बरोबर असतात. क्वचित एखाद्या मुलात घसा दुखून ताप येऊन गेल्यावर ही लक्षणे एक-दोन दिवसांत एकाएकी उसळतात. तसे झाल्यास विलंब न लावता डॉक्टरांस तसे स्पष्ट सांगावे.

निदान करणे शिक्षकांचे काम नव्हे. पाहणे हे मात्र त्यांचेच काम आहे. दोनशिक्षकी शाळेत तेच गुरुजी त्याच मुलाला चार वर्षे रोज पाहतात. एवढी दीर्घ पाहणी कोणत्याही डॉक्टरास लाभत नाही. संशय आल्यास दोन-तीन आठवडे एका वहीत नोंद ठेवावी : कोणत्या वेळी, काय करताना, किती मिनिटे, किती वेळा, आणि अडवल्यास काय झाले. नोंदीत ‘हट्टी’, ‘विचित्र’ असे शब्द नसावेत. ‘१२ वाजून १० मिनिटांनी नळावर गेला, १२ वाजून ३५ मिनिटांनी आला, जेवला नाही’ असे असावे.

मुलाशी वागताना तीन चुका सहज होतात. पहिली शिक्षेची. हात धुतो म्हणून नळ बंद करणे, खोडते म्हणून रबर हिसकावणे, वर्गात नक्कल करणे, यांनी भय दुप्पट होते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा अधिनियम कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही निषिद्ध मानतो, हेही विसरू नये. दुसरी चूक स्तुतीची. ती वर सांगितली आहे. तिसरी चूक दयाळूपणाची आहे आणि चांगल्या शिक्षकांकडून तीच अधिक होते. मूल विचारते म्हणून दहा वेळा ‘हो रे बाळा, बरोबर आहे’ असे सांगणे, त्याच्यासाठी दार उघडून देणे, त्याची पाटी दुसऱ्या कोणी शिवू नये याची व्यवस्था करणे. घरीही असेच घडते. आई मुलासाठी वेगळा तांब्या ठेवते, बाप दारात अंग धुतल्याशिवाय आत येत नाही, आणि अखेरीस सारे घर त्या भयाच्या चाकरीत लागते. दया दाखवावी ती मुलाला. त्याच्या भयाला नव्हे.

म्हणून उत्तर एकदाच द्यावे, आणि ते आधी मुलाशी ठरवून. ‘तुला जो प्रश्न पडतो तो त्या शंकेच्या आजाराचा प्रश्न आहे. मी एकदा उत्तर देईन. पुन्हा विचारलेस तर मी रागावणार नाही, पण उत्तरही देणार नाही. आपण दोघे थोडे थांबू.’ असे शांतपणे सांगितल्यास नऊ-दहा वर्षांच्या मुलालाही ते समजते. भयाला मुलापासून वेगळे करून बोलणे हे येथे मोठे साधन आहे. परीक्षेत जादा वेळ देणे किंवा तोंडी उत्तरे घेणे यांसारख्या सवलती तात्पुरत्या उपयोगी पडतात. परंतु त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने द्याव्यात आणि हळूहळू कमी कराव्यात, नाही तर त्याही चक्राचाच एक भाग होऊन बसतात. वर्गातील इतर मुलांनी टोपणनाव पाडले असल्यास ते त्याच दिवशी बंद करावे. मुलाने मरण्याची भाषा काढली तर मात्र नोंदवहीची वाट न पाहता त्याच दिवशी पालकांस बोलावून डॉक्टरांकडे न्यावे.

पालकांशी बोलणे हा नाजूक भाग आहे. पुणे जिल्ह्यात ‘येरवडा’ या शब्दाचे दोनच अर्थ लोकांस ठाऊक आहेत, तुरुंग आणि वेड्यांचे इस्पितळ. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचे नाव पहिल्याच वाक्यात निघाले की बापाचा चेहरा मिटतो आणि मूल दुसऱ्या दिवसापासून शाळेत येत नाही. वास्तविक अशा मुलाला रुग्णालयात ठेवण्याची गरज क्वचितच पडते. प्रथम पौडच्या ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्यांची भेट घ्यावी. तेथून औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा पुण्याच्या ससून रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवून घेता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा त्यांच्या कानावर ही नोंद घालावी. शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य सल्ला मिळतो आणि तो मराठीतही मिळतो. गाडीभाड्याचा आणि बुडणाऱ्या रोजगाराचा विचार करणाऱ्या कुटुंबास आरंभ करण्यास हा मार्ग सोपा आहे. ‘वेड’ हा शब्द टाळावा. ‘मुलाला शंकेचा आजार आहे, तो पुष्कळांना होतो, त्यावर उपचार आहेत’ असे सांगावे.

घरचे लोक आधी देवऋषीकडे गेले असतील, तर त्यांस हिणवू नये. अंगारा लावल्याने मुलाचे नुकसान होत नाही, पण वेळ जातो. बाहेरची बाधा म्हणून मुलाला मारहाण होत असेल, उपाशी ठेवले जात असेल, तर गोष्ट वेगळी. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

उपचार दोन प्रकारचे आहेत. पहिला वर्तनोपचार. १९६६ साली लंडनमधील व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर तो करून दाखवला, आणि तेव्हापासून त्याची पद्धत अधिकाधिक निश्चित होत गेली. रुग्णाला ज्याचे भय वाटते त्याच्या सान्निध्यात थोडे-थोडे न्यावयाचे आणि नेहमीची कृती मात्र करू द्यावयाची नाही, हे त्याचे सूत्र. मुलाच्या बाबतीत भयांची शिडी करतात. सर्वांत खालची पायरी, समजा, मित्राची पेन्सिल हातात धरणे आणि दहा मिनिटे हात न धुणे. भय चढते, टिकते, आणि न धुताही आपोआप उतरू लागते. हा अनुभव मुलाने स्वतः घ्यावयाचा असतो. तो सांगून पटत नाही. मग दुसरी पायरी, दाराची कडी, मग तिसरी. सक्ती करून एकदम वरच्या पायरीवर ढकलणे म्हणजे हा उपचार नव्हे, आणि शिक्षकांनी तो आपल्या मनाने करू नये. डॉक्टरांनी पायरी ठरवून दिली, तर ती शाळेत पाळून घेणे एवढे मात्र त्यांनी अवश्य करावे.

दुसरा उपचार औषधांचा. १९६७ पासून क्लोमिप्रामिन या औषधाचा उपयोग या विकारात दिसून येऊ लागला. पुढे फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्होक्सामिन ही औषधे आली. ती झोपेची औषधे नव्हेत. त्यांचा पुरा गुण येण्यास आठ ते बारा आठवडे लागतात, आणि नेमके याच काळात ‘गुण नाही’ म्हणून पालक औषध सोडून देतात. आपल्या मनाने ते बंद करू नये, हे पालकांस दर आठवड्यास विचारून आठवण करून देण्याचे काम गावात शिक्षकांइतके दुसरे कोणी करू शकत नाही. अमेरिकेत सात ते सतरा वर्षांच्या ११२ मुलांवर झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही उपचार एकत्र मिळालेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले जवळजवळ लक्षणमुक्त झाली. नुसत्या वर्तनोपचाराने शंभरांत सुमारे ३९, नुसत्या औषधाने सुमारे २१, आणि औषध म्हणून दिलेल्या निष्क्रिय गोळीने जेमतेम ४. बऱ्या न झालेल्या मुलांतही अनेकांचा त्रास कमी होतो, आणि रोज दोन तास नळापाशी जाणारे मूल वीस मिनिटांवर आले तर त्याचे शिक्षण वाचते.

बरे झालेल्या मुलात लक्षणे पुन्हा उलटू शकतात. परीक्षा, घरातील आजारपण, बदललेली शाळा ही त्याची नेहमीची निमित्ते होत. त्या वेळी ‘पुन्हा सुरू केलेस?’ असे न म्हणता डॉक्टरांची भेट लवकर घडवून आणावी. प्राथमिक शाळा सोडून मूल पौड, पिरंगुट किंवा कोळवणच्या माध्यमिक शाळेत जाईल, तेव्हा पालकांची संमती घेऊन तेथील वर्गशिक्षकांस प्रत्यक्ष भेटून ही हकीकत सांगावी, आणि ती नोंदीची वही पालकांच्या हाती द्यावी. दाखल्याच्या शेऱ्यात मात्र यातले काहीही लिहू नये.